जर्मनच्या पातेल्यातलं एगनॉग

आमच्या घरात अंड्याचं वेगळं पातेलं आहे. स्वयंपाकघरात नाही हां, गच्चीवरच्या खोलीत, जिथं तुटका कूलर, जुने पेपर आणि गणपतीचं मखर पडलेलं असतं तिथं. जर्मनचं आहे, बुडाला पोचा आलेला, आणि दोनातला एक कान कधीच निघून गेलाय. आई माळकरी. लग्न होऊन आली तेव्हा नव्हती, नंतर पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि त्या दिवसापासून अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. ज्याला खायचं त्यानं वर जावं, वरच उकडावं, वरच खावं, टरफलं कागदात गुंडाळून थेट कचरागाडीत टाकावी आणि हात धुवून खाली यावं. नंदुरबारात अशी घरं गल्लीगणिक सापडतील, त्यामुळे आम्हाला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी (आठवीत आहे) मोबाईलवर कुठलीतरी अमेरिकन सिरियल बघत होती आणि विचारते, पप्पा एगनॉग म्हणजे काय, सगळे ख्रिसमसला पितात ते. मला नाव माहीत होतं, बाकी शून्य. बघितलं तर अंड्याचं पिवळं, साखर, दूध, क्रीम, जायफळ आणि वरून रम किंवा ब्रँडी. मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो कारण हे सगळं मी लहानपणी बघितलेलं होतं, ह्याच घरात, त्याच पातेल्यात.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मिरचीच्या पथारीवर मुनीम होते. ज्यांनी नंदुरबारची मिरची फक्त पाकिटात बघितलीये त्यांच्यासाठी सांगतो, हिवाळ्यात शहराबाहेर एकरच्या एकर मोकळ्या जागेत ओली लाल मिरची वाळत घालतात, त्याला पथारी म्हणतात, लांबून लाल गालिचा वाटतो आणि जवळ गेलं की पाच मिनिटांत ठसका लागतो. नाना तिथं दिवसभर वजनकाट्याशेजारी बसायचे, तोंडाला उपरणं बांधून. दिवाळीनंतर त्यांचा खोकला सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. मग एका डॉक्टरांनी सांगितलं की थंडीत रोज एक अंडं घेत जा, आणि नानांनी त्याचा स्वतःचा एक फॉर्म्युला काढला. रात्री जेवण झालं की वर जायचं, जर्मनच्या पातेल्यात दूध तापवायचं, स्टीलच्या ग्लासात एक अंडं आणि दोन चमचे साखर काट्याच्या चमच्याने फेस येईपर्यंत फेटायची, त्यावर उकळतं दूध ओतायचं, चिमूटभर जायफळ, आणि स्वेटरच्या कपाटातून ब्रँडीची चपटी काढून मोजून दोन झाकणं. ते ह्याला औषध म्हणायचे. आईसुद्धा औषधच म्हणायची, म्हणूनच बहुतेक ते चालून गेलं, औषधाला कोण नाही म्हणणार. मला एक घोट मिळायचा, ब्रँडी टाकायच्या आधीचा, आणि ती चव म्हणजे गरम आइस्क्रीम पिल्यासारखी होती.

2006 साली ते बंद झालं. फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला, टीव्हीवर रोज नवापूर नवापूर चालू. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचं गाव, पोल्ट्रीसाठी प्रसिद्ध, आणि तिथं पांढरे सूट घातलेली माणसं खड्डे खणून लाखांनी कोंबड्या पुरताहेत, अंडी फोडताहेत. नंदुरबारात अंड्याची गाडी दिसेनाशी झाली. सरकार सांगत होतं की चिकन आणि अंडी नीट शिजवून खा, 70 अंशाला विषाणू मरतो, पण ऐकतंय कोण. आईला तर देवच पावला. नानांनी पातेलं धुवून पालथं घातलं ते परत सरळ केलं नाही, पुढच्या हिवाळ्यात आयुर्वेदिक काढा चालू झाला. नाना आता नाहीत. पातेलं मी कॉलेजात असताना परत वापरात काढलं, पण उकडायला, बास.

म्हणजे एगनॉग करायचं तर त्याच पातेल्यात करायचं हे माझं तिथंच ठरलं होतं. इमोशनल निर्णय होता आणि चुकीचा होता, पुढे कळेलच.

मी नोकरीला नवापूरलाच आहे, रोज नंदुरबारहून रेल्वेने जाऊन-येऊन करतो. नवापूर स्टेशनबद्दल तुम्ही फॉरवर्ड वाचलेलंच असेल, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, मधोमध एक बाकडं आहे ज्याच्या एका बाजूला महाराष्ट्र लिहिलंय आणि दुसऱ्या बाजूला गुजरात, आणि अनाउन्समेंट चार भाषांत होते. स्टेशन बांधलं तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात अशी वेगळी राज्यं नव्हतीच, 1 मे 1960 ला रेघ ओढली गेली ती प्लॅटफॉर्मवरूनच. गंमत अशी की दारूबंदीचा कायदाही दोन्हीकडे मुळात एकच, मुंबईचा 1949 चा, फक्त आपल्याकडे तो परमिटवर येऊन थांबला आणि तिकडे जवळजवळ पूर्ण बंदी. म्हणजे बॅगेत रमची बाटली असेल तर त्या बाकड्याच्या एका टोकाला तुम्ही (परमिट असेल तर) सज्जन माणूस आणि दुसऱ्या टोकाला आरोपी. मी रम नंदुरबारात घेतली, उगाच त्या बाकड्याची परीक्षा कशाला.

अंडी मात्र नवापूरची. ऑफिसातला एक मित्र तालुक्यातल्याच एका गावचा, आदिवासी आणि तिसऱ्या पिढीतला ख्रिश्चन, म्हटलं ह्याला तर सगळं माहीत असणार. त्याला विचारलं, तुमच्याकडे नाताळला एगनॉग करतात का रे. तो म्हणे काय करतात? मी समजावून सांगितलं. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, आमच्या घरात दारूला कोणी हात लावत नाही, आजोबांनी सोडली ती सोडली. नाताळला आम्ही चर्चला जातो, रात्रभर गाणी म्हणतो, मग कोंबडी आणि तांदळाची भाकर. हे अंड्याचं दूध पिऊन गाणार कसं, घसा बसेल ना." मला जरा लाजच वाटली. त्याच्या घरी नाताळ तीन पिढ्यांपासून आहे आणि मी सिरियलमधला नाताळ घेऊन त्याला शिकवायला निघालो होतो. तरी त्याने ओळखीच्या पोल्ट्रीतून ताज्या अंड्यांचा तीसचा ट्रे मिळवून दिला, आणि तो ट्रे मांडीवर घेऊन मी पॅसेंजरमध्ये तासभर बसलो, गर्दीत सगळे माझ्यापासून जरा लांबच उभे राहिले, ही एक सोय झाली.

प्रवासात मोबाईलवर ह्या एगनॉगची कुळकथा वाचत होतो. मूळ इंग्लंडचं, तिथं मध्ययुगात पॉसेट नावाचा प्रकार होता, गरम दुधात वाइन किंवा बिअर टाकून दूध फाडायचं आणि प्यायचं, तेही बरेचदा औषध म्हणूनच, सर्दीतापावर. (नाना!) मग श्रीमंतांनी त्यात अंडी घातली. अमेरिकेत वसाहती झाल्या तिथं घरोघरी गाई आणि कोंबड्या, आणि कॅरिबियन बेटांवरून रम स्वस्तात यायची, त्यामुळे इंग्लंडमध्ये जे बड्या लोकांचं होतं ते तिकडे शेतकऱ्याचं झालं. नॉग हा शब्द कुठून आला ह्यावर भांडणं आहेत, कोणी म्हणतं इंग्लंडच्या पूर्व भागातली कडक बिअर, कोणी म्हणतं नॉगिन म्हणजे छोटा लाकडी पेला. मला लाकडी पेला आवडला म्हणून मी तेच धरून चाललोय.

पण सगळ्यात भारी किस्सा 1826 चा. वेस्ट पॉइंट, अमेरिकेची लष्करी अकादमी. तिथल्या सुपरिंटेंडंटने दारूवर बंदी घातलेली, आणि नाताळचं एगनॉग बिनदारूचं मिळणार म्हटल्यावर कॅडेट लोकांनी चोरून व्हिस्की आत आणली, 24 डिसेंबरच्या रात्री खोल्यांमध्ये एगनॉग घोटलं, आणि पहाटेपर्यंत खिडक्या, फर्निचर, जिन्याचे कठडे सगळ्याचा चुराडा. एगनॉग रायट म्हणतात त्याला, कोर्ट मार्शल झाले, पोरं काढून टाकली. त्यात जेफरसन डेव्हिस नावाचा एक कॅडेट होता, तो आपल्या खोलीत जाऊन झोपला म्हणून वाचला, आणि पुढे अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष झाला. मी ट्रे सांभाळत विचार केला, चोरून वर खोलीत जाऊन अंडं घोटायचं, आमच्या घरात तर हे कधीपासून चाललंय, फक्त कठडे शाबूत आहेत.

आता कृतीवर येतो. अर्धा लिटर फुल क्रीम दूध, सहा अंड्यांचं फक्त पिवळं, शंभर ग्रॅम साखर, दोनशे मिली पाकिटातलं क्रीम, चिमूटभर मीठ, जायफळ. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय नुसतं गोडमिट्ट लागतं. पांढरं वेगळं काढायचं, ते जुन्या पद्धतीत कच्चंच फेटून वरून मिसळतात पण मी त्या भानगडीत पडलो नाही, सहाच्या सहा पांढरे गल्लीतल्या जिमवाल्या पोराला दिले, तो असा खूश की दुसऱ्या दिवशी विचारायला आला, काका आज पण आहे का.

24 तारखेची संध्याकाळ. गच्चीवर इंडक्शन नेलं, प्लग लावला, जर्मनचं पातेलं ठेवलं आणि इंडक्शन नुसतं टीं टीं करायला लागलं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, ते त्याच्यावर चालतच नाही, हे मला माहीत असायला पाहिजे होतं, मी बीएस्सी आहे. मग माळ्यावरून जुनी कॉइलची शेगडी काढली. पिवळं आणि साखर फेटलं, फिकट पिवळ्या रंगाचं, चमच्यावरून रिबिनीसारखं पडेल इतकं, दूध गरम केलं आणि पिवळं सरळ दुधात ओतलं. सरळ! वर आच बारीक करायची तर त्या शेगडीला बारीक-मोठं असतंच कुठे, ती एकतर लाल होते नाहीतर बंद होते, आणि ते पातेलं कागदासारखं पातळ. त्यात पथारीच्या बाजूने वारा आला, मला ठसका लागला, मी तोंड फिरवून चारपाच वेळा खोकलो असेन फक्त, परत बघतो तर दुधात पिवळ्या गाठी तरंगताहेत. गोड भुर्जी. खरंच, दुसरा शब्द नाही त्याला.

आई खाली जिन्यात उभी होती, वर ती येत नाही अंडं असलं की, पण नाक चांगलं आहे तिचं. खालूनच म्हणाली, "फुटी गयी नं कढी तुनी!"

मी म्हटलं कढी नाहीये आई.

"मंग काय शे ते?"

काय सांगणार, मी म्हटलं नाना घ्यायचे ना तसं. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "हाई ते नानास्नं औषध शे. त्याले इतलं काय करस?" आणि मग तिथूनच, जिन्याच्या चौथ्या पायरीवरून, अंड्याला आयुष्यात हात न लावलेल्या बाईने मला शिकवलं की दह्याची कढी करताना दही कधी उकळत्यात टाकत नाहीत, बेसन लावून गार असताना ठेवतात आणि उकळी फुटेपर्यंत हात थांबवत नाहीत, आणि आच अशी पाहिजे की कढीला कळलंच नाही पाहिजे. इंटरनेटवर ह्यालाच टेम्परिंग का काय म्हणतात. म्हणजे गरम दूध पिवळ्यात घालायचं, पिवळं दुधात नाही, आणि तेही धारेने, एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्याने फेटत राहायचं. आधी एक पळी, मग दोन पळ्या, पिवळ्याला हळूहळू ऊब लागली की मग सगळं एकत्र करून परत गॅसवर.

गॅसवर पण सरळ नाही. खाली जर्मनच्या पातेल्यात दोन बोटं पाणी, ते नुसतं हलतं ठेवायचं, आणि त्यावर बसेल असं स्टीलचं पातेलं. स्टीलचं पातेलं खालून आणावं लागलं. बायकोच्या माहेरून आलेल्या तीनच्या सेटमधलं मधलं. ती म्हणाली घेऊन जा, पण तिच्या आवाजावरून मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रत्यक्ष ख्रिसमसला, पाच किलोच्या छोट्या सिलेंडरवर हे सगळं रचलं. ह्यातला सगळा खेळ टेंपरेचरचा आहे. नुसतं पिवळं 65 ते 70 च्या मधे घट्ट व्हायला लागतं, दूध-साखर मिसळली की जरा वर सरकतं, आणि 80 ओलांडून पुढे गेलं की फाटलंच समजा. आणि खाली पण राहून चालत नाही कारण साल्मोनेला (कच्च्या अंड्यातून पोट बिघडवणारा जंतू), त्यासाठी अमेरिकन लोक 71 अंश सांगतात. नाना उकळतं दूध ओतायचे पण गार ग्लास, गार अंडं, ते काय 71 ला पोचत नसणार, नशीब आमचं. 71 वाचलं आणि मला ते 2006 चं 70 अंश आठवलं, तेव्हा पेपरात रोज छापून यायचं आणि आम्ही हसायचो, की भुर्जीत थर्मामीटर कोण घालतं. आता मी ऑनलाइन थर्मामीटर मागवलेला, तो ख्रिसमसला यायचा तो 28 ला आला. बायको म्हणे ताप बघायचा लाव. तो 42 ला संपतो.

मग थर्मामीटरशिवाय कसं कळतं ते सांगतो. पळी बुडवून काढायची आणि तिच्या पाठीवरून बोटाने रेघ ओढायची. रेघेवर दूध परत वाहून आलं तर झालं नाही, रेघ तशीच राहिली तर झालं. मला अकरा-बारा मिनिटं लागली, हात एक सेकंद थांबवला नाही, ठसका गिळून टाकला. रेघ राहिली तसं लगेच उतरवलं, गार क्रीम ओतलं म्हणजे शिजणं तिथंच थांबतं, आणि गाळणीतून गाळलं. गाळणीत थोड्या गाठी राहिल्याच, पण त्या कोणाला दाखवायच्या नसतात.

जायफळ मी किसणीवर किसणार होतो. पायरीवरून हाक आली. आईने सहाणेवर थोड्या दुधात जायफळ उगाळून वाटीत आणलेलं, पुरणात घालते तसं. वाटी पायरीवर ठेवली आणि खाली गेली. किसलेल्या जायफळाचे कण घशाला लागतात, उगाळलेलं पूर्ण मिसळून जातं, ह्या एका बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत असं माझं ठाम मत आहे.

गार करायचं कुठे हा प्रश्न होताच, खालच्या फ्रिजचा विचारसुद्धा करायचा नाही. शेवटी जिमवाल्याच्या फ्रिजमध्ये पाच तास ठेवलं, भाडं म्हणून एक ग्लास. गार झाल्यावर ते आणखी दाट होतं त्यामुळे गरम असताना पातळ वाटलं तर घाबरायचं नाही. रम सगळ्यात टाकली नाही, पोरगी पिणार होती, म्हणून मोठ्यांनी आपापल्या ग्लासात वरून घेतली, एका ग्लासाला तीस मिलीच्या आसपास, जास्त टाकली तर जायफळ मरतं.

चव? बासुंदीचा इंग्रजी शिकलेला चुलतभाऊ. बासुंदी दूध आटवून दाट होते, हे अंड्याने दाट होतं, म्हणून जिभेवर जड बसत नाही, रेशमासारखं जातं. मुलीने अर्धा ग्लास पिला आणि म्हणाली छान आहे पण सिरियलमध्ये जास्त भारी वाटत होतं. बायकोने दोन ग्लास घेतले. ऑफिसातल्या मित्रासाठी 26 ला बिनरमचं थर्मासमध्ये नेलं, तो म्हणाला चांगलं आहे, आता नाताळ झाला त्यामुळे घसा बसला तरी चालेल. मी शेवटचा घोट गच्चीवर उभा राहून घेतला, गरम नव्हतं, पण होतं तेच. ब्रँडीच्या आधीचं.

31 ला परत केलं, ह्यावेळी थर्मामीटर लावून, 74 ला उतरवलं, एक गाठ नाही.

1 तारखेला सकाळी सगळं घासून, दोनदा साबण लावून, उन्हात वाळवून स्टीलचं पातेलं आणि जायफळाची वाटी खाली घेऊन आलो. आई दारातच बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते आते वरच ऱ्हाऊ दे." मी म्हटलं आई धुतलंय, आणि वाटीला तर अंडं लागलंच नाही. "वाटी पन."

मी परत वर. आता वरच्या खोलीत जर्मनचं एक, स्टीलचं एक आणि वाटी एक, मखराशेजारी. खाली बायको सेट मांडत होती, मोठं, मग थोडी जागा, मग छोटं, आणि हातात मधल्याचं झाकण घेऊन माझ्याकडे बघत उभी.